हत्तीखान्यातला साबू

१९३७ सालच्या व्हेनिस चित्रपट महोत्सवाचा विषय निघाला, की मराठी माणसाला 'संत तुकाराम' आठवतो, आणि ते योग्यच आहे. पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीचा हा बोलपट त्या वर्षी तेथे दाखविला गेला आणि परीक्षक-मंडळाने त्याचा विशेष उल्लेख केला. आंतरराष्ट्रीय महोत्सवात अशी मान्यता मिळविणाऱ्या सुरुवातीच्या भारतीय चित्रपटांपैकी तो एक होय. दामले-फत्तेलाल यांचे दिग्दर्शन आणि विष्णुपंत पागनीस यांनी साकारलेला तुकाराम यांचे कौतुक आपण आजही अभिमानाने सांगतो. परंतु त्याच महोत्सवात भारताच्या भूमीवर चित्रित झालेली आणखी एक कृती होती, हे सहसा कोणाच्या ध्यानात नसते. तिचे नाव 'एलिफंट बॉय'. उत्कृष्ट दिग्दर्शनाचा पुरस्कार त्या वर्षी तिला मिळाला. चित्रपट इंग्लंडचा, कथा इंग्रजीतली, दिग्दर्शक परदेशी. पण त्यातला नायक मात्र म्हैसूर संस्थानच्या हत्तीखान्यात वाढलेला तेरा वर्षांचा एक अनाथ मुलगा होता. त्याचे नाव साबू.

आपल्याकडच्या शाळांच्या सहली म्हैसूरला जातात. मुले राजवाडा पाहतात, वृंदावन बागेतली कारंजी पाहतात, चामुंडीच्या टेकडीवरचा नंदी पाहतात आणि चंदनाच्या साबणाच्या वड्या घेऊन परत येतात. आमच्या वेळच्या सहलीतही याहून निराळे काही घडले नाही. या शहराच्या हत्तीखान्यातून एक मुलगा निघाला आणि वयाच्या तेराव्या वर्षी जगभर ओळखला जाऊ लागला, हे आम्हांला तेव्हा कोणी सांगितले नव्हते. म्हणूनच शाळेच्या हीरक महोत्सवी अंकासाठी चरित्रलेख लिहिण्याची सूचना झाली तेव्हा मी हे नाव निवडले. जे वय पुढे आपण शाळेत घालविले, त्या वयात या मुलाचे काय झाले, हे आपल्या विद्यार्थ्यांनी जाणून घ्यावे असे वाटले.

साबूचा जन्म २७ जानेवारी १९२४ रोजी कारापूर येथे झाला. म्हैसूरच्या नैर्ऋत्येस, हेग्गडदेवनकोटे तालुक्यात, कबिनी नदीच्या काठी वसलेले हे अरण्यातले गाव. वडील महाराजांच्या सेवेत माहूत होते. आईचे आणि पुढे वडिलांचेही छत्र लहानपणीच हरपले. मोठा भाऊ होता. बाकी आधार संस्थानच्या हत्तीखान्याचा. माहुताचा मुलगा म्हणजे हत्तीखान्याचाच मुलगा, अशी तेथली रीत. चारा घालणे, नदीवर नेऊन हत्तीला धुणे, त्याच्या कानामागे पाय रोवून बसणे, अंकुशापेक्षा आवाजाने आणि टाचेने त्याला वळविणे, या गोष्टी त्याने चालायला शिकावे तितक्या सहजपणे आत्मसात केल्या असणार. जे पुढे जगाला अद्भुत वाटले, ते त्याच्या दृष्टीने घरकाम होते.

म्हैसूरचे हत्ती म्हणजे केवळ दसऱ्याच्या मिरवणुकीतली शोभा नव्हे. कारापूरजवळच्या काकनकोटेच्या अरण्यात रानहत्तींचे कळप पकडण्याची 'खेदा' नावाची मोठी मोहीम संस्थान चालवीत असे. शेकडो माणसे ढोल, मशाली आणि बंदुकांचे बार यांच्या साह्याने कळपाला हाकत आणीत, नदी पार करायला लावीत आणि भक्कम लाकडी ओंडक्यांच्या कोंडवाड्यात शिरवीत. मग शिकविलेले हत्ती आत जात, त्यांच्यावर बसलेले माहूत रानहत्तींच्या पायांत दोरखंड अडकवीत. जिवावरचेच काम ते. साबूच्या वाडवडिलांचे जग हे असे होते. आणि हेच जग पाहण्यासाठी १९३५ साली एक अमेरिकन गृहस्थ म्हैसूरला येऊन दाखल झाले.

रॉबर्ट फ्लॅहर्टी हे त्यांचे नाव. माहितीपटाच्या कलेचे जनक म्हणून ज्यांना मान दिला जातो, ते हेच. कॅनडाच्या उत्तरेकडील एका एस्किमो कुटुंबाच्या जीवनावरील 'नानूक ऑफ द नॉर्थ' त्यांनी १९२२ साली आणला होता. आयर्लंडच्या किनाऱ्यावरील कोळ्यांवरच्या त्यांच्या 'मॅन ऑफ ॲरन'ला १९३४ साली व्हेनिस येथेच उत्कृष्ट परदेशी चित्रपटाचा पुरस्कार मिळाला होता. त्यांची पद्धत अशी की, एखाद्या प्रदेशात वर्ष-दीड वर्ष मुक्काम ठोकायचा, तेथल्याच माणसांतून पात्रे निवडायची, आणि पटकथेच्या मागे न धावता समोर जे घडेल ते मैलोगणती फिल्मवर टिपत राहायचे. लंडनच्या अलेक्झांडर कोर्डा या निर्मात्याने त्यांच्यावर रुडयार्ड किपलिंगच्या कथेवरील चित्रपटाची कामगिरी सोपविली. किपलिंगचा जन्म मुंबईचा, हे आपल्या वाचकांस ठाऊक असेलच. त्याच्या 'जंगल बुक'मध्ये छोट्या तूमाईची एक गोष्ट आहे. काळा नाग नावाच्या हत्तीच्या पाठीवर बसून हा माहुताचा मुलगा मध्यरात्री अरण्यात जातो आणि कोणत्याही मनुष्याने न पाहिलेले हत्तींचे नृत्य पाहून येतो. गोष्ट लहानशी; पण तिला एक मुलगा हवा होता आणि तो नटाचा असून चालण्यासारखे नव्हते. त्याला हत्तीने आपला मानलेले असावे लागणार होते.

म्हैसूरचे तेव्हाचे महाराज नाल्वडी कृष्णराज वाडियार यांनी पाहुण्यांना हत्ती, माणसे, निवासस्थान, सारे काही उपलब्ध करून दिले. मुलांचा शोध सुरू झाला. अनेक मुले आणून पाहिली. कोणी चुणचुणीत होता पण हत्तीला भ्यायचा, कोणी हत्तीवर निर्धास्त होता पण कॅमेऱ्यापुढे गोठायचा. अखेर छायाचित्रकार ऑस्मंड बोरेडेल यांची दृष्टी महाराजांच्या हत्तीखान्यातल्या एका किरकोळ शरीरयष्टीच्या मुलावर पडली. साबू तेव्हा अकरा वर्षांचा होता. कॅमेऱ्याविषयी त्याला धाकही नव्हता आणि अप्रूपही नव्हते. एवढे मोठे जनावर त्याच्या शब्दाबरोबर गुडघे टेकते, सोंडेच्या पायरीवरून त्याला वर घेते, हे पाहिल्यावर पुढचा शोध थांबला.

त्यानंतर चित्रीकरण सुमारे वर्षभर चालले. पावसाळ्याने खोळंबा केला, नद्यांना पूर आले, अरण्यात खऱ्या खेद्याचे चित्रीकरण करायचे म्हणजे कळप मिळेपर्यंत थांबणे आले. फ्लॅहर्टींना घाई ठाऊकच नव्हती. फिल्मची भेंडोळी लंडनला जात राहिली आणि तिकडे पैसा घालणाऱ्यांचा धीर सुटत चालला. कित्येक तासांचे चित्रीकरण आणि त्यात सलग गोष्ट मात्र दिसेना, अशी अवस्था. १९३६ साली कोर्डांनी सर्वांना परत बोलाविले. कथा पुरी करण्याचे काम त्यांचे बंधू झोल्तान कोर्डा यांच्याकडे आले. लंडनजवळच्या डेनहॅम येथील स्टुडिओत म्हैसूरचे अरण्य उभारले गेले. तेथे इंग्रज नटांनी तोंडाला काळपट रंग फासून हिंदी माहुतांच्या भूमिका केल्या. या साऱ्यात एकच माणूस असा होता, की ज्याच्यावाचून अडत होते आणि ज्याची जागा रंग फासून भरता येण्यासारखी नव्हती. म्हणून साबूला बोटीवर चढविण्यात आले. सोबत पालक म्हणून थोरला भाऊ होता. त्याचे नाव शेख दस्तगीर. परदेशी कागदपत्रांत या भावाचे नावच साबूचे आडनाव होऊन बसले, आणि आजही अनेक कोशांत तो साबू दस्तगीर म्हणूनच नोंदलेला आढळतो. पडद्यावर मात्र तो नुसता साबू. बारा वर्षांच्या मुलाने गाव सोडले, देश सोडला, आणि वाटेत कोठेतरी नावही बदलले.

चित्रपट पुरा झाला तेव्हा त्याची लांबी जेमतेम ऐंशी मिनिटे होती. त्यात दोन चित्रपट एकमेकांना शिवलेले आहेत असे पाहणाऱ्याला सहज जाणवते. एक म्हैसूरचा, मोकळ्या उन्हातला, नदीचा आणि हत्तींच्या कळपांचा. दुसरा डेनहॅमच्या दिव्यांखालचा, जेथे साहेब आणि नोकर ठरावीक साच्यातले संवाद बोलतात. टाक्यांची शिवण उसवू नये म्हणून दोहोंत सारखा दिसणारा धागा एकच, तो म्हणजे साबू. इंग्रजी भाषा त्याला नवी होती. तरीही तो बोलतो तेव्हा ते पाठांतर वाटत नाही; हत्तीशी बोलावे तसा तो प्रेक्षकांशी बोलतो.

१९३७ च्या ऑगस्टमध्ये व्हेनिसच्या लिडो बेटावर महोत्सव भरला. जगातला हा सर्वांत जुना चित्रपट महोत्सव. १९३२ साली सुरू झालेला. त्या वर्षीची पारितोषिके पाहिली की त्या काळाचे चित्र उभे राहते. सर्वोच्च चषकांना मुसोलिनीचे नाव होते. परदेशी चित्रपटांतला चषक फ्रान्सच्या 'अँ कार्ने द बाल'ला गेला. ज्याँ रेन्वार यांच्या 'ला ग्राँद इल्यूजिआँ' या युद्धविरोधी चित्रपटाला परीक्षकांनी कलात्मकतेचे पारितोषिक दिले, आणि हुकूमशाहीच्या अंगणात ते दिले ही त्या मंडळाच्या बाजूने सांगण्यासारखी गोष्ट आहे. अभिनयाची पारितोषिके जर्मनीचे एमिल यानिंग्ज आणि अमेरिकेच्या बेटी डेव्हिस यांना मिळाली. दिग्दर्शनाचे पारितोषिक फ्लॅहर्टी आणि झोल्तान कोर्डा या दोघांत विभागून देण्यात आले. ज्या दोन व्यक्तींनी एकत्र बसून फारसे काही केले नव्हते, ज्यांच्या पद्धती एकमेकींच्या विरोधी होत्या, त्यांना एका पुरस्कारात जोडले गेले.

साबूच्या नावे काही नव्हते. यात कोणी अन्याय केला असे मी म्हणणार नाही. परीक्षकांपुढे जे रकाने असतात त्यांतच त्यांना लिहावे लागते: दिग्दर्शन, अभिनय, छायाचित्रण, कथा. जो मुलगा अभिनय करीतच नाही, आपले नित्याचे जगणेच पडद्यावर जगतो, त्याचा रकाना कोणता? हा प्रश्न पुढेही अनेक महोत्सवांत अनेक परीक्षकांना पडला असेल. 'संत तुकाराम'च्या बाबतीतही तसेच काहीसे झाले नाही का? पागनिसांच्या भजनात अभिनय किती आणि भक्ती किती, हे सांगणे अवघड. फरक एवढाच, की पागनीस आपल्या माणसांत, आपल्या भाषेत गात होते. पुढे त्यांनाही तुलसीदास, नरसी भगत अशा संतांच्याच भूमिका मिळत गेल्या. साबूच्या वाट्याला आलेला साचा याहून घट्ट होता.

इंग्लंडमध्ये त्याला शाळेत घालण्यात आले. कोर्डांनी त्याच्यासाठी पुढचे चित्रपट आखले. १९३८ सालच्या 'द ड्रम'मध्ये तो वायव्य सरहद्दीवरचा राजपुत्र झाला. इंग्रजांशी एकनिष्ठ असलेला हा राजपुत्र लंडनला प्रिय वाटला. मुंबईत मात्र हा चित्रपट लागला तेव्हा लोकांनी त्याविरुद्ध निदर्शने केली आणि तो काढून घ्यावा लागला. स्वातंत्र्याची चळवळ ऐन भरात होती, आणि सरहद्दीवरच्या लोकांना कपटी रंगविणारे हे चित्र कोणाला रुचणार! चौदा वर्षांच्या साबूला यातले किती कळले असेल, सांगता येत नाही. ज्या देशाचे नाव लावून त्याची ओळख करून दिली जात होती, त्याच देशात त्याच्या चित्रपटाविरुद्ध लोक रस्त्यावर आले होते.

'द थीफ ऑफ बगदाद' हा त्याच्या कीर्तीचा कळस. महायुद्ध सुरू झाल्यामुळे त्याचे चित्रीकरण इंग्लंडमधून उचलून अमेरिकेत न्यावे लागले. १९४० साली तो प्रदर्शित झाला आणि छायाचित्रण, कलादिग्दर्शन व चमत्कृतिदृश्ये यांची तीन ऑस्कर पारितोषिके घेऊन गेला. बाटलीतला राक्षस, उडता गालिचा, आणि राजालाही हेवा वाटावा असा बिनधास्त चोर अबू. ज्यांनी हा चित्रपट लहानपणी पाहिला, त्यांना राजपुत्र आठवत नाही, अबू आठवतो. १९४२ साली 'जंगल बुक'मध्ये तो मोगली झाला. त्यानंतर हॉलिवुडने त्याला अरबी सुरस कथांच्या रंगीत चित्रपटांत घेतले, पण दुय्यम जागी. तो वयात आला होता. उघड्या अंगाने झाडावर चढणारा मुलगा मोठा झाल्यावर त्याचे करायचे काय, हे तेथल्या कोणालाही सुचले नाही.

१९४४ साली तो अमेरिकेचा नागरिक झाला. भारतीयांना ते नागरिकत्व मिळणे त्या काळी जवळजवळ अशक्य होते. त्यासंबंधीचा कायदा १९४६ मध्ये बदलला. साबू अमेरिकन विमानदलात दाखल झाला आणि बी-२४ जातीच्या बाँबफेकी विमानात शेपटाकडील तोफची म्हणून पॅसिफिकवरील अनेक मोहिमांवर गेला. विमानाच्या मागच्या टोकाला काचेच्या घुमटात एकट्याने बसायचे, आणि शत्रूची विमाने पहिल्यांदा त्याच्याच दिशेने यायची. या कामगिरीबद्दल त्याला डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस हे मानाचे पदक मिळाले. मला विचाराल तर त्याच्या आयुष्यातला हा एकच सन्मान असा, की जो कोणाबरोबर वाटून घ्यावा लागला नाही आणि ज्यात त्याच्या वर्णाचा किंवा बालपणाचा काही संबंध नव्हता.

युद्धानंतर मायकेल पॉवेल आणि एमेरिक प्रेसबर्गर यांच्या 'ब्लॅक नार्सिसस' (१९४७) या चित्रपटात त्याने हिमालयातल्या एका तरुण राजपुत्राची भूमिका केली. जोगिणींच्या मठात शिकायला येणारा, अत्तर लावून मिरविणारा, आतून निरागस असा हा तरुण त्याच्या प्रौढ वयातील सर्वांत चांगली भूमिका म्हणावी लागेल. १९४८ साली त्याने मेरिलिन कूपर या अभिनेत्रीशी विवाह केला. एक मुलगा आणि एक मुलगी अशी दोन अपत्ये झाली. कामे मात्र आटत चालली. तो इटलीला गेला आणि व्हित्तोरिओ दे सिका यांच्यासमवेत एका चित्रपटात पुन्हा हत्तीच्याच सोबतीने दिसला. लंडनच्या हॅरिंगे सर्कशीत त्याने हत्तींचे खेळही केले. भावाबरोबर लाकडी सामानाचा धंदा सांभाळला.

याच सुमारास एक संधी मायदेशातून आली. 'मदर इंडिया'ची जुळवाजुळव करताना मेहबूब खान यांच्या मनात बिरजूच्या भूमिकेसाठी साबूचे नाव होते. पण तो परदेशी नागरिक. कामाचा परवाना मिळाला नाही. भूमिका सुनील दत्त यांच्याकडे गेली आणि पुढचे सर्वांना माहीत आहे. त्या भूमिकेचे साबूने काय केले असते हा प्रश्न मला अनेकदा पडतो. बिरजू हा रागीट, आईवेडा, मातीला चिकटलेला मुलगा. हिंदी भाषेत, हिंदी प्रेक्षकांपुढे, हिंदी दिग्दर्शकाच्या हाताखाली काम करण्याचा प्रसंग साबूच्या आयुष्यात एकदाच येऊ घातला होता. कारापूरला जन्मलेल्या माणसाला मुंबईत काम करण्यासाठी परवान्याची गरज पडली आणि तो मिळाला नाही, एवढीच ती हकीकत.

१९६० साली दुकानात चोरीच्या प्रयत्नात थोरला भाऊ मारला गेला. बोटीवर बोट धरून आणणारा, नाव देणारा, व्यवहार पाहणारा तोच एक म्हैसूरचा माणूस साबूजवळ उरला होता. त्याच वर्षी हॉलिवुडच्या पदपथावर साबूच्या नावाचा तारा बसविण्यात आला. २ डिसेंबर १९६३ रोजी कॅलिफोर्नियातील चॅट्सवर्थ येथे हृदयविकाराच्या झटक्याने त्याचे निधन झाले. वय अवघे एकोणचाळीस. लॉस एंजेलिसच्या फॉरेस्ट लॉन येथे त्याचे दफन झाले.

काकनकोटेचा शेवटचा खेदा १९७१ साली झाला. पुढे कबिनीवर धरण बांधले गेले आणि फ्लॅहर्टींनी जेथे कॅमेरा लावला होता, त्या बाजूचे बरेचसे अरण्य पाण्याखाली गेले. उन्हाळ्यात जलाशय ओसरला की त्या मोकळ्या गवताळ काठावर आजही रानहत्तींचे कळप उतरतात, आणि ते पाहण्यासाठी कारापूरला दूरदूरहून प्रवासी येतात.

साबूचा शेवटचा चित्रपट 'अ टायगर वॉक्स'. तो त्याच्या मृत्यूनंतर, १९६४ साली पडद्यावर आला. सर्कशीतून पळालेल्या एका वाघाची ही गोष्ट. त्यात साबूच्या वाट्याला आलेले पात्र रामसिंग नावाचे आहे: परदेशात आलेला, जनावरे सांभाळणारा एक हिंदी माणूस.